दहापैकी किती दुखतं

गेल्या दिवाळीनंतर माझ्या बायकोची उजव्या बाजूची दाढ दुखायला लागली. दाढ दुखते असं ती म्हणत होती, म्हणून मीही दाढच म्हणत होतो. दातांच्या डॉक्टरांनी तपासलं. एका दाढेला थोडी कीड आहे, भरून घेतली तरी चालेल, असं ते म्हणाले. ही म्हणाली, "काढूनच टाका, पुन्हा पुन्हा यायला नको." दाढ काढली. वीस दिवस बरे गेले. एकविसाव्या दिवशी भाकरीचा पहिला घास चावताना ती ताटावरून उठली आणि मोरीकडे गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "शेजारची असेल."

दातांचे डॉक्टर सरळ माणूस. शेजारची दाढ काढायला त्यांनी साफ नकार दिला. "वहिनी, हे दातांचं नाही. नसांच्या डॉक्टरांना दाखवा."

नसांचे डॉक्टर म्हणजे कोल्हापूर. आंबा घाट चढून जायचं, गाडीचे हादरे सोसायचे. तेही एक वेळ तिने केलं असतं, पण तिची हरकत वेगळीच होती. "दाढ दुखते म्हणून कोल्हापूर? लोक काय म्हणतील? उद्या शिंक आली की मुंबई म्हणाल." तिच्या लेखी ती अजून दाढच होती.

आमची लेक बंगळूरला नोकरी करते. तिने तिथल्या मेंदू आणि नसांच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. फोनवरच दाखवायचं, चेहरा समोर दिसतो, गोळ्या लिहून देतात. प्रवास नाही आणि लोक काही म्हणण्याचाही प्रश्न नाही, म्हणून ही तयार झाली. पण एक अट घातली. लेकीने त्या वेळी फोनवर असायचं नाही. "ती तिकडे एकटी. काळजी करत बसेल." डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. हिचं इंग्रजी शाळेत सुटलं ते सुटलं. म्हणजे मधे बोलायला उरलो मी.

मी चोपन्न वर्षांचा आहे. आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करतो. रसाची गोडी किती, आंबटपणा किती, डब्याची शिवण घट्ट आहे की नाही, हे रोज मोजून लिहायचं. थर्मामीटर साडेएक्क्याऐंशी दाखवत असेल तर मी ब्याऐंशी लिहीत नाही. आमची सगळी कागदपत्रं इंग्रजीत असतात. ती मी सत्तावीस वर्षं भरतो आहे, त्यामुळे मला इंग्रजी येतं अशी माझी समजूत होती.

पहिला कॉल अकरा मिनिटं चालला. त्यातली चार मिनिटं आवाज येतोय का, हे एकमेकांना विचारण्यात गेली. डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलणं शांत. त्यांनी विचारलं, दुखणं कसं आहे, डल आहे का? मी म्हणालो, यस सर. शार्प आहे का? यस सर. बर्निंग? यस सर. तिन्ही शब्द मला माहीत होते. शार्प म्हणजे धारदार, कारखान्यात पत्र्याच्या कडांना तशी पाटी लावलेली असते. बर्निंग म्हणजे जळणं. डल म्हणजे मंद, दिवा मंद असतो तसा. पण मंद दुखणं कसलं आणि धारदार दुखणं कसलं, आणि माझ्या बायकोचं त्यातलं कुठलं, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांना नाही म्हणणं बरं दिसत नाही, एवढंच माहीत होतं.

मग त्यांनी दहाची पट्टी सांगितली. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आयुष्यातलं सगळ्यांत वाईट दुखणं. इथे मला हुशारी आली. आकडा म्हणजे माझा प्रांत. मी हिला विचारलं, "दहापैकी किती दुखतं?"

तिने पदर नीट केला, घरी पाहुणे आल्यावर बघतात तसं फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "सांगा दोन."

"टू, सर," मी म्हणालो. जसा आला तसा आकडा पोचवला.

डॉक्टरांनी जबड्याच्या स्नायूचं दुखणं असावं असं सांगितलं. साध्या गोळ्या, गरम शेक, मऊ खाणं, आणि दोन आठवड्यांनी परत फोन. फोन ठेवण्याआधी ते मला कळावं म्हणून सावकाश एकेक शब्द बोलले. त्याचा अर्थ असा होता की, दुखणं मला इथून दिसत नाही, तुम्ही सांगाल तेवढंच मला कळणार, तेव्हा नीट बघून सांगा.

दोन आठवड्यांत गोळ्या संपल्या आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. ही भाकरी सोडून मऊभातावर आली, मग पेजेवर. फोनवर लेकीशी बोलताना हो आणि नाही एवढंच बोलायची आणि फोन माझ्याकडे द्यायची. मी दुसऱ्या कॉलची तारीख महिनाभर पुढे ढकलून घेतली. पुन्हा तेच यस सर म्हणायची मला हिंमत नव्हती.

आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्या घरच्या पडवीत इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा ते सात. मी फी भरायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "पहिला वर्ग की पुढचा?" मी म्हणालो, "शब्द येतात. एकाला दुसरा लावता येत नाही." त्या म्हणाल्या, "मग पुढचा."

वर्गात मी धरून नऊ जण होतो. तिघे बोटीवर नोकरीला जायच्या तयारीत, दोघी नर्सिंग झालेल्या आणि आखातात जाणाऱ्या, बाकी कॉलेजातले. पहिल्याच दिवशी बोटीवाल्यांपैकी एकाने विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या बोटीवर?"

"घरच्या," मी म्हणालो. "कॅप्टन दुसरीच आहे."

बाईंची रीत साधी होती. फळ्याच्या मधोमध एक शब्द लिहायच्या आणि विचारायच्या, याच्या शेजारी कोण बसतं? रेनच्या शेजारी हेवी बसतं, विंडच्या शेजारी स्ट्राँग. चहाही स्ट्राँग. डिसिजन मेक करायचं, रिस्क टेक करायची, प्रॉमिस कीप करायचं. मी दुसऱ्याच दिवशी हात वर केला आणि विचारलं, याचा नियम काय? पाऊस जड आणि वारा बळकट, असं का?

बाई म्हणाल्या, "तुम्हाला थंडी वाजते का?"

"वाजते."

"का वाजते? घंटा आहे का ती? ऊन लागतं, तहान लागते, ठेच लागते आणि झोपही लागते. मला नियम सांगा, मग मी तुम्हाला सांगते."

चोपन्न वर्षं मला थंडी वाजत होती आणि मी कधी विचारलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "आईच्या मांडीवर ऐकून ऐकून जे बसतं ते तिथे बसतं. आपल्याला ती मांडी मिळाली नाही, म्हणून आपण पाठ करायचं." मला हे पटलं. मी शंभर पानी वही घेतली, उभ्या रेघा मारल्या आणि प्रत्येक जोडीला क्रमांक दिला. तीन आठवड्यांत दोनशे बारा जोड्या झाल्या. रोज सकाळी कारखान्यात जाताना स्कूटरवर वीस म्हणायच्या, संध्याकाळी येताना त्याच वीस न बघता. हेल्मेटमधे आपलाच आवाज मोठा ऐकू येतो, ते बरं पडतं.

ही बघत होती. "भाट्याच्या पुलावर एक माणूस स्कूटरवर बडबडत जातो, असं मासळीवाली सांगत होती. मी म्हटलं, मी ओळखत नाही."

तिसऱ्या आठवड्यात मी धीर करून बाईंना म्हणालो, "बाई, दुखण्याच्या शेजारी कोण कोण बसतं?" पोरं हसली. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. फळा पुसला आणि म्हणाल्या, आज तास याच्यावर.

पण त्यांनी सुरुवात इंग्रजीत केली नाही. आधी मराठीत सांगा म्हणाल्या. मग वर्गाला उत्साह आला. डोकं ठणकतं. जखम ठसठसते. पोटात कळ येते. कंबर धरते, पाठीत उसण भरते. पायाला मुंग्या येतात, पायात गोळा येतो. डोळे चुरचुरतात. घसा खवखवतो. छातीत चमक मारते. अंग मोडून येतं. फळ्यावर एकोणीस झाली. आपण रोज बोलतो ते हे एवढं आहे, याचं मलाच आश्चर्य वाटलं. मग बाईंनी एकेकाच्या समोर इंग्रजी लिहायला घेतलं. ठणकतं त्याला थ्रॉबिंग पेन. सतत मंद दुखत राहतं ते डल पेन. मुंग्यांना पिन्स अँड नीडल्स. कळ एकदम सरकत जाते ते शूटिंग पेन, भोसकल्यासारखं ते स्टॅबिंग. नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, "काका, आम्हाला हे ट्रेनिंगमधे होतं. पेशंटला शब्द विचारायचा, आपला घालायचा नाही."

ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, जोडी नसूनही.

तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "आता घरी जाऊन विचारा. मराठीत."

मी घरी जाऊन विचारलं. ही तांदूळ निवडत होती.

"तुझं दुखणं कसं आहे? ठणकतं का?"

"दुखतं म्हणजे दुखतं. त्याला काय पोटजाती असतात?"

"असतात. ठसठसतं का?"

"नाही."

"जळजळतं?"

"नाही हो. तुम्ही भाजी घेताय काय, हे नको, ते दाखवा?"

"मग कळ येते?"

"येते. आणि जाते." तिने सूप खाली ठेवलं. "आली की गेलेली बरी, असं होतं." मग परत तांदळाकडे वळली. "झालं तुमचं? मला भात टाकायचाय."

मी 'येते आणि जाते' असं लिहिलं. पहिल्या कॉलमधे आम्ही हे सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना वाटलं असणार की ते सारखं थोडं थोडं दुखतं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही स्कूटरवरून हिच्या बहिणीकडे निघालो होतो, आरे-वारेच्या रस्त्याने. तिने चेहऱ्याला ओढणी गच्च गुंडाळली होती. मला वाटलं, उन्हासाठी. चढ संपून समुद्र समोर आला आणि खालून वारा सुटला, तशी तिने माझ्या खांद्यावर दोन थापा मारल्या. मी थांबलो. ती उतरली आणि रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्याच्या कुंपणाकडे तोंड करून उभी राहिली. उजवा हात गालाजवळ नेला होता, पण गालाला लावला नव्हता. बोटभर अंतरावर हवेत तसाच धरला होता. तिचं सगळं अंग ताठ झालं होतं.

मी घड्याळ बघितलं. मला दुसरं काही करता येत नव्हतं. अडतीस सेकंद. मग एखादं बटण बंद करावं तसं ते थांबलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला."

मी स्कूटरची किल्ली काढून खिशात टाकली.

"काय झालं ते सांग."

"काही नाही. चला, ती वाट बघत असेल."

"काही नाही, एवढं सोडून काहीही सांग."

पर्यटकांच्या दोन गाड्या गेल्या. ती गडग्याला टेकून उभी राहिली. समुद्राकडे पाठ होती. म्हणाली, "मिक्सरच्या उघड्या वायरला एकदा माझा हात लागला होता, आठवतं? तसं. गालात. कानाकडून निघतं आणि हनुवटीपर्यंत जातं."

"दिवसातून किती वेळा?"

"मोजायला मी काय तुमच्या कारखान्यात आहे?" मग, "दहा-बारा वेळा होत असेल. दात घासताना तर नक्की. चावताना. वाऱ्याने. तोंड धुताना त्या बाजूला पाणी लागलं की. बोलताना पण होतं. म्हणून पोरीशी बोलत नाही मी. तिला वाटतं रागावले."

"आणि डॉक्टरना दोन सांगितलंस?"

"परक्या माणसासमोर काय रडगाणं गायचं? त्यांनी चांगुलपणाने विचारलं, आपण दहा म्हणून सांगायचं?"

तिचं म्हणणं मला पूर्ण कळत होतं. आमच्याकडे असंच आहे. कोणी कसं आहे विचारलं की बरं आहे म्हणायचं. दुखणं सांगायचंच झालं तर ते लहान करून सांगायचं, समोरच्याला त्याचा भार होऊ नये. माझे वडील शेवटच्या आजारात, दोन पावलांत धाप लागत असताना, डॉक्टरांना म्हणाले होते, जरा दमायला होतं. आम्ही मुलं शेजारी उभे होतो. आमच्यापैकी कोणी डॉक्टरांना सांगितलं नाही की, ते जरा नाही.

कारखान्यात एखादा आकडा अविश्वसनीय वाटला तर मी आधी उपकरण तपासतो. मग पुन्हा मोजतो. इथे माझी बायको भाकरी सोडून पेजेवर आली होती, फोनवर बोलायची थांबली होती, आणि मी दोन हा आकडा न तपासता पुढे पाठवला होता. जसा आला तसा पोचवला, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

बहिणीकडे आम्ही गेलो नाही. घरी परतताना मी वेग पंचवीसच्या वर जाऊ दिला नाही आणि ती माझ्या पाठीआड तोंड लपवून बसली.

दुसऱ्या दिवसापासून मी फ्रीजवर एक कागद लावला. वेळ, सेकंद, कशाने आलं, कुठल्या बाजूला. पहिल्या दिवशी ती चिडली. "आता माझी पण बॅच लावा. झाकण नीट बसलंय का बघा, एक्सपायरी तेवढी लिहू नका." पण मी कामावर असताना कोण लिहिणार, हा प्रश्न होता. संध्याकाळी घरी आलो तर कागदावर तिच्या अक्षरात पाच नोंदी होत्या. सेकंदांच्या जागी तिने 'लहान', 'लहान', 'मोठी', 'लहान', 'फार मोठी' असं लिहिलं होतं. 'फार' हा शब्द तिने स्वतःच्या दुखण्याबद्दल वापरलेला मी पहिल्यांदा बघत होतो. तिसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघरातून हाक मारायला लागली, "आली. गेली. लिहा."

सात दिवसांत त्र्याऐंशी नोंदी झाल्या. सगळ्यांत लहान पाच सेकंद, सगळ्यांत मोठी एक्कावन्न. डाव्या बाजूला एकही नाही. झोपेत एकही नाही.

हे सगळं घेऊन मी बाईंकडे गेलो आणि माझी इंग्रजी वाक्यं दाखवली. सात होती. बाईंनी चार ठेवली आणि प्रत्येकातलं काइंडली काढून टाकलं. "हा अर्ज नाही." हात लागला की दुखणं सुरू होतं, याला मी स्टार्ट लिहिलं होतं. त्यांनी सेट्स इट ऑफ असं करून दिलं. "फटाका, भोंगा आणि दुखणं, तिघांनाही हेच चालतं." मला ते आवडलं, कारण ते खरंच फटाक्यासारखं होतं. जोडी क्रमांक दोनशे अठ्ठेचाळीस. मी ती चार वाक्यं इतक्या वेळा म्हटली की हिला पाठ झाली. अर्थ कळत नसताना ती भांडी लावताना म्हणायची, "लाइक ॲन इलेक्ट्रिक शॉक."

दुसरा कॉल सकाळी अकराला लागला. मी रजा घेतली होती. वही समोर होती, पण मला ती बघावी लागली नाही. शी गेट्स सडन अटॅक्स ऑफ शूटिंग पेन. इट फील्स लाइक ॲन इलेक्ट्रिक शॉक. तिसऱ्या वाक्याला डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. चौथं होण्याआधीच त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. दात घासताना? यस सर. चावताना? यस सर. वाऱ्याने? यस सर, सी ब्रीझ. दोन्ही बाजूंना? नो सर. तो नो म्हणताना मला फार बरं वाटलं. मधल्या वेळात दुखतं का? नो सर, नथिंग. किती वेळ टिकतं? मी पाच ते एक्कावन्न सेकंद असं सांगितलं तेव्हा ते हातातलं पेन थांबवून माझ्याकडे बघायला लागले.

मग त्यांनी पुन्हा दहाची पट्टी काढली.

मी हिच्याकडे वळलो. तिने पदर नीट केला. "मागच्या वेळी दोन सांगितलं होतं ना? एक वाढवा. तीन सांगा."

"शी सेज थ्री, सर," मी म्हणालो. तो तिचा आकडा होता, तो मला द्यायलाच हवा होता. पुढचं कुठल्याही वहीत नव्हतं. "बट आय डोन्ट ॲग्री, सर. आय हॅव सीन इट. इट इज नाइन."

डॉक्टरांनी विचारलं, मग त्या तीन का म्हणतात?

मी शब्द शोधले. दोनशे साठ जोड्यांत यासाठी काही नव्हतं. "अवर पीपल, सर," मी म्हणालो, "मेक पेन स्मॉल. फॉर डॉक्टर." इंग्रज माणूस असं म्हणत नसेल. डॉक्टर हसले नाहीत. मान हलवली आणि लिहून घेतलं.

ही दबक्या आवाजात म्हणाली, "नऊ काय सांगितलंत? नऊपर्यंत मला इंग्रजी येतं हो. आता ते ॲडमिट करून घेतील."

ॲडमिट केलं नाही. चेहऱ्याची एक नस आहे, तिचं हे दुखणं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते दातांसारखं वाटतं आणि बऱ्याच जणांचे दात त्यापायी जातात. त्याच्या गोळ्या वेगळ्या. नसेवर कशाचा दाब नाही ना, हे बघायला एक एमआरआय करून घ्या. मी तिला मराठीत सांगितलं. ती एकदम म्हणाली, "म्हणजे दाढ उगाच काढली?" आणि मग, "कोल्हापूरला जाऊ. आता नसेसाठी जायचंय ना, मग हरकत नाही." दाढेसाठी जे लोक हसले असते ते नसेसाठी हसणार नव्हते.

एमआरआयमधे काळजीचं काही निघालं नाही. गोळ्यांनी पहिला आठवडा तिला चक्कर यायची, ती भिंतीला धरून चालायची, आणि मी गोळ्या बंद करायला निघालो होतो. डॉक्टरांनी डोस हळूहळू वाढवायला सांगितलं. फ्रीजवरच्या कागदावर दिवसाला बाराच्या सात झाल्या, मग चार. सव्वा महिन्याने पहिला दिवस असा आला की कागद कोरा राहिला. हे पूर्ण गेलं असं डॉक्टर म्हणत नाहीत. परत येऊ शकतं, गोळ्या बदलाव्या लागतील, पुढे ऑपरेशनही असतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. आता आठवड्याला दोन-तीन येतात, आणि लहान असतात.

लेकीला सगळं नंतर कळलं. तिने फोनवर दोघांनाही झोडपलं. ही शांतपणे ऐकत होती आणि मग चाळीस मिनिटं तिच्याशी बोलत राहिली. शेजारीण काय म्हणाली, फणस किती धरलेत, कुणाचं लग्न ठरलं. मी पडवीत बसून होतो. चाळीस मिनिटं होईपर्यंत एकदाही ती मधेच थांबली नाही.

वर्गाला मी अजून जातो. बोटीवाल्यांपैकी दोघे गेले, नर्सिंगची एक मुलगी आखातात पोचली. जोड्या सहाशेच्या पुढे गेल्या आहेत. त्यातल्या किती मला कधी लागतील याचा हिशेब मी करत नाही.

गेल्या महिन्यात चौथा कॉल होता. मी नेहमीप्रमाणे वही घेऊन बसलो. डॉक्टरांनी नमस्कार केला आणि आता कसं आहे, असं विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात हिने फोन स्वतःकडे वळवला आणि मराठीत बोलायला लागली. पदराकडे हातही गेला नाही. कधी येतं, कधी येत नाही, गोळी उशिरा घेतली की काय होतं, गोळीने सकाळी कसं जड वाटतं, सगळं. डॉक्टर बघत राहिले. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यांनी तिला थांबवलं नाही. मी मागे मागे लिहीत होतो आणि मागेच पडत होतो.

"आणि हे सांगा," ती म्हणाली, "नाकाच्या बाजूला मुंगी चालल्यासारखं होतं. दुखत नाही. पण आता येईल, आता येईल असं वाटतं, आणि मग येतच नाही."

"पिन्स अँड नीडल्स," मी म्हणालो. जोडी क्रमांक एकशे सत्तेचाळीस.

"ते काय?"

"मुंग्या येणं."

"मुंग्या नाही हो. मुंग्या पायाला येतात. ही एकच मुंगी आहे आणि ती चालते. नीट सांगा, मागच्यासारखं मोघम नको."

"थांब. एकेक सांग."

"एकेक कसं सांगू? ते सगळं एकदम होतं. तुम्ही लिहून घ्या."

"वन मिनिट, सर," मी फोनकडे बघून म्हणालो आणि वहीचं नवीन पान उघडलं.